कस्टर्ड पाय : वरून झकास, बुडाला ओला. काय चुकतंय?

मंदआच
गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा अंड्याच्या कस्टर्डचा पाय (इंग्रजी 'पाय', मैद्याच्या पारीत सारण भरून भाजतात तो) भाजला. जुन्या इंग्रजी पद्धतीचा : दूध, अंडी, साखर, वरून किसलेलं जायफळ, बस्स. वरून दर वेळी देखणा दिसतो. कापायला घेतला की सुरी बुडाशी अडखळते. खालची पारी पांढरट, चिकट, नुसत्या भिजवलेल्या पिठासारखी. आणि रात्री फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी काठाकाठाने पाणी सुटलेलं असतं.

माझं प्रमाण असं. पारीसाठी मैदा २०० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, लागेल तसं गार पाणी. आत भरायला दूध ६०० मिली, अंडी ४, साखर १२० ग्रॅम, व्हॅनिला. साचा २३ सेंमीचा, खोलगट, काचेचा. कच्च्या पारीत गार मिश्रण ओतते, १८० अंशांवर तासभर ठेवते, मधोमध सुरी खुपसून कोरडी निघाली की बाहेर काढते.

एकदा पंधरा मिनिटं जास्त ठेवून पाहिला. पारी जरा सुधारली, पण कस्टर्ड रवाळ झालं आणि अंड्याचा वास यायला लागला. एकाला सांभाळावं तर दुसरं रुसतं. लेकीने यंदा वाढदिवसाला केकऐवजी हाच पाय मागितलाय आणि वाढदिवस पुढच्या शनिवारी आहे. मदत करा.

अडगुलं
शीर्षक वाचून मी आरोग्य विभागातला धागा समजून उघडला. 'पाय बुडाला ओला' म्हटल्यावर दुसरं काय वाटणार! पण निदान सोपं दिसतंय : पायचा पायाच कच्चा राहतोय.

खरपूस
अडगुलंने गमतीत म्हटलं ते शब्दशः खरं आहे. मंदआचताई, तुम्ही कच्च्या पिठावर पाऊण लिटरहून जास्त पातळ मिश्रण ओतताय. पारीला खुसखुशीत व्हायचं तर तिच्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला हवं. ती वाफ जाणार कुठून? वर कस्टर्ड, खाली काच. शिवाय कस्टर्ड आतून ८० अंशांच्या पुढे न्यायचंच नसतं, म्हणजे पारीच्या माथ्यावर सतत एक गार रजई. ती तिथे भाजली जात नाही, शिजते.

उपाय जुनाच : पारी आधी एकटी भाजून घ्या. ब्लाइंड बेकिंग म्हणतात त्याला. मी करतो ते सांगतो.

लोणी फ्रीजमधून काढल्या काढल्या बारीक तुकडे करून बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा. तळहात लावू नका, हाताच्या उबेने लोणी वितळतं. भरड रव्यासारखं झालं की तीन-चार मोठे चमचे बर्फाचं पाणी, एकेक चमचा करत. गोळा जेमतेम जमला की थांबा. मळायचं नाही. चपटा करून झाकून किमान अर्धा तास फ्रीजमध्ये. मग लाटा, साच्यात बसवा, आणि पुन्हा अर्धा तास फ्रीजमध्ये. ही दुसरी विश्रांती लोक गाळतात आणि मग पारी काठावरून खाली घसरली म्हणून रडतात. लाटताना ताणलेलं पीठ आखडायला बघतंच, त्याला सैल व्हायला वेळ द्यावा लागतो. साच्यात बसवतानाही पारी ओढून काठापर्यंत नेऊ नका. उचलून आत सोडा, कोपऱ्यात बोटाने बसवा.

मग काट्याने टोचे, वर बेकिंग पेपर, त्यावर काठोकाठ सुकी कडधान्यं. १९० अंशांवर २० मिनिटं. कडधान्यं आणि पेपर काढा, आणखी ८ ते १० मिनिटं, बूड कोरडं आणि फिकट बदामी दिसेपर्यंत. शेवटी फेटलेल्या अंड्याचा हात फिरवून २ मिनिटं पुन्हा आत. त्या अंड्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि ओल सहज झिरपत नाही. टोचलेली भोकंही त्यानेच बुजतात. एखादी चीर दिसली तर कच्च्या पिठाचा चिमूटभर तुकडा दाबून लावा. म्हणून पिठाचा लिंबाएवढा गोळा नेहमी बाजूला ठेवायचा.

निळीशाई
एक भाषिक शंका. 'पायचा' की 'पायाचा'? आपल्या 'पाय'चं सामान्यरूप 'पाया'. मग या पायचं?

अडगुलं
'पायाला पाणी सुटलं' असं लिहिलं तर पुन्हा आरोग्य विभागात जावं लागेल. त्यामुळे 'पायचा'.

निळीशाई
पटलं. उसन्या शब्दाला आपण बऱ्याचदा सामान्यरूप न करता प्रत्यय लावतो, तेच इथे बरं. आता गप्प बसून वाचते.

चाळणी
पारीचं खरपूसदादांनी सांगितलं, मी कस्टर्डचं सांगते. पाणी सुटण्याचं कारण मंदआचताईंच्याच पोस्टमध्ये आहे : 'मधोमध सुरी कोरडी निघाली की'. तिथेच उशीर झालेला असतो.

अंड्यातली प्रथिनं तापली की उलगडतात आणि एकमेकांना धरून जाळं विणतात. त्या जाळ्यात दूध अडकतं, तेच कस्टर्ड. आणखी तापवलं की जाळं आवळत जातं आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं. रवाळपणा, भोकं, काठाचं पाणी, ही सगळी त्याच आवळण्याची लक्षणं. नुसतं अंडं ६५-७० अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं. दूध आणि साखर घातली की हा आकडा वर सरकतो, म्हणून असं कस्टर्ड साधारण ७७ ते ८० अंशांना नीट लागतं. ८५ ओलांडलं की फाटण्याच्या वाटेवर. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम पाच-सात अंश आहेत, आणि १८० अंशांच्या ओव्हनमध्ये ते हा हा म्हणता निसटतात.

म्हणून भरलेला पाय १६० अंशांवर. आणि तो ओव्हनबाहेर आला तरी आतल्या उष्णतेवर शिजत राहतो, हे धरून आधीच काढायचा. सुरी घालायची तर काठापासून दोन बोटं आत घाला, मध्ये नको. मी तर सुरीच घालत नाही. साच्याचा काठ धरून हळूच हलवते. काठाकडचा भाग घट्ट, आणि मधला छोट्या वाटीएवढा गोल एकजीव थरथरला, तर झालं. पाण्यासारख्या लाटा उठत असतील तर कच्चं. अजिबात हललं नाही तर गेलं हातातून.

आणखी दोन गोष्टी. दूध कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा आणि फेटलेल्या अंड्यात धार धरून ओता, हात फिरवत. अंड्यात दूध, दुधात अंडं नव्हे. आणि मग गाळा! (माझं नाव काय उगीच नाही.) अंड्यात बलकाला धरून ठेवणारे पांढरे दोरे असतात, ते फेटून मोडत नाहीत. गाळल्यावर वरचा फेसही चमच्याने काढा, नाहीतर तो भाजून सुरकुतलेली साल होते. अंडी फेटायची म्हणजे मोडायची फक्त, फुलवायची नाहीत.

दुधाळ
मी वेगळं मत मांडतो. गेली कित्येक वर्षं मी पारी आधी भाजत नाही आणि माझं बूड खरपूस होतं.

माझा मार्ग : साचा धातूचा, पातळ पत्र्याचा. ओव्हनच्या सगळ्यात खालच्या खाचेत जाड लोखंडी ट्रे ठेवून २२० अंशांवर अर्धा तास तापवतो. पाय भरून थेट त्या तापलेल्या ट्रेवर. पहिली १२ मिनिटं २२०, मग १६०, सुमारे ३५ मिनिटं. बुडाला सुरुवातीलाच चटका बसतो. काच सावकाश तापते, पत्रा झटकन. ताईंचा निम्मा त्रास साच्याचा आहे.

दोनदा भाजणं, पेपर, कडधान्यं, एवढा खटाटोप रोजच्या स्वयंपाकात कोण करतं?

खरपूस
दुधाळ, तुमचा ओव्हन तुम्हाला वर्षानुवर्षं ठाऊक आहे म्हणून जमतं. २२० वरून १६० वर बटण फिरवलं की ओव्हन लगेच १६० होत नाही. लहान ओव्हनमध्ये वरची कॉइल जवळ असते. त्या बारा मिनिटांत काठाचं कस्टर्ड सेट होऊन पुढे आवळायलाही लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याला हे सांगणं धोक्याचं.

दुधाळ
दार अर्धा मिनिट उघडं ठेवलं की उतरतं तापमान. काठाची दोन बोटं थोडी घट्ट होतात हे मात्र मान्य. मला तो घट्टपणा आवडतो.

चाळणी
दोघांनाही माझं एकच सांगणं : ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर घ्या. माझ्या ओव्हनचं बटण १६० दाखवतं तेव्हा आत १८५ असतं. दोन वर्षं मी कृतींना दोष देत होते.

तीनमजली
आमच्या घरी एकाला अंड्याची ॲलर्जी आहे. कस्टर्ड पावडर वापरून हाच पाय होईल का? भाजायला कधी घालायचा?

चाळणी
होईल, पण तो वेगळा पदार्थ. कस्टर्ड पावडर म्हणजे कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास. त्यात घट्टपणा स्टार्चचा. स्टार्चला उकळी लागते, ओव्हन नाही. पारी अंड्याचा हात न फिरवता पूर्ण भाजून गार करा, गॅसवर नेहमीपेक्षा दाट कस्टर्ड शिजवा, बुडबुडे आल्यावर दोन मिनिटं ढवळत ठेवा, मग पारीत ओतून चार तास फ्रीजमध्ये. भरल्यावर भाजू नका.

आणि तुमच्यासारख्याच घरातून ही पावडर आली. १८३७ साली बर्मिंगहॅममधल्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने ती केली, कारण त्याच्या बायकोला अंडी चालत नव्हती.

तीनमजली
हे वाचून फार बरं वाटलं. कुणीतरी आपल्या माणसासाठी एवढी खटपट केली होती!

पहाटवारा
एक प्रश्न राहून राहून येतो. कस्टर्ड ८५ च्या पुढे फाटतं म्हणता, तर पोर्तुगीज पाश्तेल द नाता (अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट, म्हणजे वरून उघडे पाय) कसे टिकतात? ते तर २५० अंशांच्या वर भाजतात, वर काळे डाग पडेपर्यंत. लिस्बनच्या बेलेम भागातलं त्यांचं प्रसिद्ध दुकानही १८३७ पासूनचंच, म्हणजे कस्टर्ड पावडरचं जुळं भावंड!

चाळणी
छान प्रश्न. त्यांच्या कस्टर्डमध्ये साखरेचा पाक आणि थोडं पीठ असतं. पिठातला स्टार्च प्रथिनांच्या मध्ये मध्ये घुसतो, त्यांना एकमेकांना घट्ट आवळू देत नाही. म्हणून ते आच सोसतं. शिवाय ते टार्ट इवलेसे, १५ मिनिटांत बाहेर. २३ सेंमीच्या पायमध्ये मधोमध आच पोचेपर्यंत काठ कोळसा होईल.

याच कारणाने काही जण साध्या कस्टर्ड पायमध्येही चमचाभर कॉर्नफ्लोअर घालतात. फाटण्याची भीती कमी होते. पण मऊशार, जिभेवर सरकणारा पोत जातो, थोडा खिरीसारखा जाडपणा येतो. मी नाही घालत.

दुधाळ
इथे मात्र मी चाळणीताईंच्या बाजूने. पीठ घातलेलं कस्टर्ड दाढेला लागतं.

वाचनमात्र
दोन वर्षं नुसतं वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते. कॅरॅमल कस्टर्ड आपण पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून भाजतो. पायला तसं का करत नाही?

खरपूस
स्वागत! पाण्यात ठेवलं की साच्याचं बूड १०० अंशांच्या वर जातच नाही. कस्टर्डला ते अमृत, पारीला विष. नुसतं कस्टर्ड करायचं तर पाणी हवंच. पायमध्ये मात्र आच कमी ठेवूनच कस्टर्ड सांभाळायचं.

निळीशाई
गप्प बसते म्हटलं होतं, पण राहवत नाही. तुम्ही सगळे पारी आणि कस्टर्डचं भांडण सोडवताय आणि गंमत अशी की 'कस्टर्ड' हा शब्द मुळात पारीचाच आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'क्रस्टेड', फ्रेंचकडून आलेला, 'क्रस्ट'च्याच कुळातला. म्हणजे कवचात भरलेला पदार्थ. पुढे नाव आतल्या गाभ्याला चिकटलं आणि कवच बाजूला पडलं. १३९९ साली इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीत 'डूसेट' नावाचे कस्टर्डचे गोड टार्ट वाढले होते. त्या काळी पायच्या जाड कवचाला 'कॉफिन' म्हणत, म्हणजे पेटी. पुष्कळदा ते खायचं कमी आणि आतलं धरून ठेवायचं जास्त.

अडगुलं
म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी बूड कच्चं राहिलं तरी कुणी धागा काढला नसता!

मंदआच
तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, वाचून धीर आला. काल रंगीत तालीम केली. खरपूसदादांच्या पद्धतीने पारी आधी भाजली. बूड कोरडं झालं, आनंदाने ओरडलेच मी. पण दोन अडचणी. एक, पारी एका बाजूने बोटभर खाली बसली आणि तिथून कस्टर्ड पारीच्या मागे गेलं. दोन, भरलेला साचा ओव्हनपर्यंत नेताना सांडलं.

आणि एक विचारायचं राहिलं : पारी गार करून भरायची की गरम?

खरपूस
कडधान्यं काठापर्यंत भरली होती का? मधेच ढीग केला की बाजूंना आधार राहत नाही. आणि दुसरी विश्रांती दिली होती?

मंदआच
विश्रांती दहाच मिनिटं दिली, घाई होती. कडधान्यं निम्म्यापर्यंतच. दोन्ही चुका सापडल्या.

चाळणी
गरम पारीत गरम कस्टर्ड. दूध नुकतं तापवलेलं असतं, गाळून लगेच वापरा. गरम मिश्रण लवकर सेट होतं, म्हणून पारीला भिजायला वेळ कमी मिळतो आणि काठ व मध यांच्यात फरकही कमी राहतो. सांडायचं म्हणाल तर रिकामी पारी ओव्हनच्या जाळीवर ठेवा, जाळी अर्धी बाहेर ओढा, तोटीच्या भांड्याने तिथेच ओता, जायफळ किसा, जाळी हलक्या हाताने आत सरकवा.

पहाटवारा
काचेच्या साच्याबद्दल एक सावधगिरी. फ्रीजरमधून काढलेला काचेचा साचा थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका. आणि गरम साचा ओल्या ओट्यावर ठेवू नका. माझा ओट्यावरच्या पाण्याच्या चार थेंबांवर टेकला आणि टण्ण आवाज होऊन आरपार चिरला. पाय उत्तम झाला होता, पण काचेच्या भीतीने घासही खाता आला नाही.

दुधाळ
काचेचा एक फायदा कबूल करतो. साचा वर उचलून बुडाचा रंग पाहता येतो. ताईंना पहिल्या वेळी तेच उपयोगी पडेल. पत्र्याकडे नंतर वळा.

तीनमजली
अंडं नसलेला केला. दोन मिनिटं उकळी दिली, सुरी लावली तर तुकडा उभा राहिला. ज्याच्यासाठी केला त्याने तीन तुकडे खाल्ले. धन्यवाद, चाळणीताई.

वाचनमात्र
जायफळाची पूड चालेल का? की अख्खंच किसायचं?

चाळणी
अख्खं, आयत्या वेळी. डब्यातल्या पुडीचा वास केव्हाच उडालेला असतो. आणि हात सैल सोडू नका, पाव चमच्याच्या आत पुरे. जास्त झालं की कडवटपणा येतो.

खरपूस
भाजून झाल्यावर जाळीवर ठेवा, खालून हवा लागली पाहिजे. ओट्यावर ठेवलात तर खाली वाफ धरून बूड पुन्हा ओलसर. पूर्ण गार होईपर्यंत कापू नका, दोन-तीन तास लागतील. गरम असताना फ्रीजमध्येही नको, वर भेगा पडतात आणि झाकणाखाली पाणी जमतं. पण गार झाल्यावर बाहेर विसरूही नका, अंडी-दूध आहे. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. फ्रीजरमध्ये कधीच नाही. वितळताना सगळं पाणी सुटतं.

मंदआच
शनिवारचा वृत्तांत.

पारी शुक्रवारी रात्रीच लाटून साच्यात बसवून फ्रीजमध्ये ठेवली, म्हणजे विश्रांतीचा प्रश्नच मिटला. सकाळी साचा बाहेर काढून थोडा वेळ ओट्यावर ठेवला, पहाटवारांची काच डोळ्यांपुढे होती. कडधान्यं काठोकाठ. या वेळी पारी तसूभरही बसली नाही. पेपर काढल्यावर साचा उचलून खालून पाहिलं तर मधोमध अजून फिकट होतं, म्हणून दहाऐवजी तेरा मिनिटं दिली. मग अंड्याचा हात.

ओव्हनचा थर्मामीटर मागवला होता. बटण १६० वर, आत १७२. थोडं मागे फिरवलं.

जाळीवरच ओतलं, थेंब सांडला नाही. पस्तिसाव्या मिनिटाला हलवलं तर लाटा. चाळिसाव्याला मधे बशीएवढं हलत होतं. चव्वेचाळिसाव्याला ते वाटीएवढं झालं आणि थरथर एकजीव दिसली. बाहेर काढताना जीव धाकधूक करत होता, कारण आजवरच्या सवयीने तो मला कच्चाच वाटत होता. लेक म्हणाली, "आई, अजून हलतोय!" मी म्हटलं, हलू दे.

तीन तासांनी कापला. बुडाशी सुरी टेकली तेव्हा 'करकर' असा आवाज आला. पहिला तुकडा उलटा करून पाहिला, खालून बदामी. कस्टर्डची कापलेली बाजू गुळगुळीत, एक भोक नाही.

खरपूस
तो आवाज ऐकायलाच हा धागा होता! लेकीला शुभेच्छा.

अडगुलं
पाया पक्का झाला. आता आरोग्य विभागाचा दाखला द्यायला हरकत नाही.

वाचनमात्र
ताई, काही उरला का? दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं का, तेवढं सांगा. मी उद्या करणार आहे.

मंदआच
एकच तुकडा उरला होता, मुद्दाम बाजूला लपवून ठेवला होता. आज सकाळी फ्रीजमधून काढला. ताटली कोरडी होती. पारी कालच्याइतकी करकरीत नाही, थोडी मऊ झाली, पण भिजलेली नाही. तुम्ही तेरा मिनिटांच्या जागी पंधरा देऊन पाहा आणि इथे कळवा.